पत्र्याचे विमान, कागदाचे विमान

विमान हे मुळात पत्र्याचे काम आहे. इंजिन, रडार, क्षेपणास्त्रे यांची चर्चा जास्त होते, पण कारखान्यात पुष्कळ हात गुंततात ते सपाट पत्र्याला गोलाई देण्यात. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४मध्ये उभा राहिला तो मिग-२१च्या सांगाड्यांसाठी. इंजिने कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि सांगाडा ओझरला, अशी वाटणी होती. आधी सोव्हिएत संघातून आलेले सुटे भाग जोडायचे आणि मग टप्प्याटप्प्याने कच्च्या मालापासून सगळे इथेच घडवायचे, असा क्रम ठरला होता. तिथल्या कामगारासमोर जो पहिला प्रश्न असे तोच या पुस्तकाच्या वाचकासमोर आहे: सपाट वस्तूवर कुठली आकृती आखून कापावी, म्हणजे वळवल्यावर तिचे विमानाचे अंग होईल?

कामगाराकडे एक सवलत होती. ॲल्युमिनियमचा पत्रा साच्यावर दाबला की थोडा ताणला जातो. कागद ताणला जात नाही. तो वळतो, दुमडतो, गुंडाळला जातो, पण एकाच वेळी दोन दिशांना वाकायला नकार देतो. कागदी मॉडेलची सारी कला आणि सारे गणित या नकारातून जन्माला आले आहे. प्लास्टिकच्या किटमध्ये आकार कारखान्याच्या साच्याने आधीच दिलेला असतो. आपण सांधतो आणि रंगवतो. लाकडात आकार तासून काढता येतो. कागदात मात्र आकार आधी समजून घ्यावा लागतो. विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत कुठे वृत्तचिती आहे, कुठे शंकूछेद आहे, कुठे दोन्ही नाहीत, हे कळल्याशिवाय कात्री चालवता येत नाही. म्हणून माझे ठाम मत आहे की एखादे विमान खरोखर वाचायचे असेल, तर ते कागदात बांधण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

या गणिताला मोठा वारसा आहे. न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने १५२५मध्ये भूमितीवरचा ग्रंथ छापला, त्यात घनाकृती उलगडून सपाट मांडलेल्या आहेत. आपल्या पाचवीच्या पुस्तकात इष्टिकाचितीची जी घडण मुले कापून चिकटवतात, तिचा हा छापील पूर्वज. पुढे ऑयलरने १७७२मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात विचारले की, कोणत्या घनांचे पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट पसरता येतात. गाउसने १८२७मध्ये उत्तराचा गाभा दिला: पृष्ठभागाची एक अंगभूत वक्रता असते, ती नुसत्या वळवण्याने बदलत नाही. सपाट कागदाची ही वक्रता शून्य. म्हणून कागदातून नळी होते, शंकू होतो. गोल होत नाही, घुमट होत नाही. स्पिटफायरच्या पंखाच्या मुळाशी जी मऊ, दुहेरी वळणाची जागा आहे, तिथे कागदी मॉडेलकाराला पाकळ्या कापाव्या लागतात किंवा थोडा खोटेपणा स्वीकारावा लागतो. तो कुठे आणि किती स्वीकारायचा, यावरून या क्षेत्रातली घराणी वेगळी झाली आहेत.

छापील कागदातून वस्तू उभी करण्याचा छंद विमानापेक्षा पुष्कळ जुना आहे. फ्रान्समध्ये एपिनाल गावी पेलरँ घराण्याचा छापखाना १७९६पासून चालला. रंगीत चित्रांच्या तक्त्यांबरोबर तिथून कापून जोडायच्या इमारती आणि गाड्यांचे तक्तेही निघाले. जर्मनीत एसलिंगेन येथे याकोब फेर्डिनांड श्रायबरने १८३१मध्ये स्थापन केलेल्या प्रकाशनसंस्थेने हे तक्ते मध्यमवर्गीय घराघरांत नेले. जपानमध्ये तातेबांको या नावाने कापून उभारायची कागदी दृश्ये एदो काळात लोकप्रिय होती आणि खुद्द होकुसाईने तसे तक्ते काढले आहेत. विमाने उडू लागली तशी ती या तक्त्यांवरही उतरली.

महायुद्धांनी छंदाला वेगळे वळण दिले. धातू, रबर, लाकूड आघाडीकडे गेले आणि मुलांच्या हाती कागद उरला. इंग्लंडमध्ये जेफ्री हायवे यांनी १९४१मध्ये मायक्रोमॉडेल्स सुरू केली: पोस्टकार्डाएवढ्या पत्त्यांवर छापलेली इंजिने, जहाजे, इमारती, विमाने, इतकी बारीक की भाग चिमट्यानेच उचलावेत. अमेरिकेत वॉलिस रिग्बी यांनी आखलेली कागदी लढाऊ विमाने १९४४मध्ये न्याहारीच्या धान्याच्या खोक्यावरची कुपने पाठवून टपालाने मागवता येत. नाकात एक पेनी चिकटवली की ती तोल साधून खरोखर उडत. ‘तपशील’ आणि ‘उड्डाण’ हे दोन रस्ते तिथेच फुटलेले दिसतात. हे पुस्तक पहिल्या रस्त्याचे आहे. यातले विमान उडत नाही आणि उडावे अशी अपेक्षाही नाही.

आज आपण ज्याला तपशीलवार कागदी विमान म्हणतो, त्याचे माहेर मात्र पोलंड. तिथे १९५७मध्ये ‘मावी मोडेलाश’ नावाचे मासिक निघाले; नावाचा अर्थ ‘छोटा मॉडेलकार’. नागरिकांना संरक्षणविषयक प्रशिक्षण देणारी, पुढे लिगा ओब्रोनी क्रायू म्हणून ओळखली गेलेली संघटना ते चालवत असे. हेतू उघड होता: मुलांना सैन्याची, यंत्रांची आणि आपल्या इतिहासाची ओढ लागावी. मासिक वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर स्वस्तात मिळे आणि अंक उघडला की आत एका विमानाचे, रणगाड्याचे किंवा जहाजाचे सगळे भाग. परदेशी प्लास्टिक किट त्या काळी दुर्मीळ. कागद हलका, छपाई कधी सरकलेली, रेषा जाड. तरी त्या अंकांवर पिढ्या वाढल्या. विमानांसाठी १:३३ हे प्रमाण तिथे रूढ झाले. जगात इतरत्र प्लास्टिकवाले १:७२, १:४८ किंवा १:३२ धरतात, पण कागदी विमानाच्या जगात १:३३ म्हटले की पोलंड आठवतो.

त्या मुलांच्या मनात सगळ्यात उंच जागा पेझेडएल पी.११सी या लढाऊ विमानाची होती. झिग्मुंट पुवाव्स्की या तरुण अभियंत्याने पंख मुळाशी खाली झुकवून बाहेर उचलला, म्हणजे वैमानिकाला पुढचे स्वच्छ दिसे. या पंखाला जगभर ‘पोलिश पंख’ म्हणू लागले. पुवाव्स्की १९३१मध्ये अपघातात गेले. सप्टेंबर १९३९मध्ये जर्मन विमाने आली तेव्हा पी.११ जुने झाले होते आणि तरीही तेच लढले. त्यांपैकी एकच पी.११सी उरले आहे, क्राकूवच्या विमान संग्रहालयात. ज्या देशाचे बहुतेक विमानदल नष्ट झाले, तिथल्या मुलांनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदातून परत उभे केले. या गोष्टीकडे नुसता छंद म्हणून पाहणे मला जमत नाही. आणि काम म्हणूनही पी.११ मोठे शिक्षक आहे: पंखावर बारीक पन्हळी पत्रा, तोंडाशी नऊ सिलिंडरचे तारकाकृती इंजिन, उघडी बैठक, तिरके टेकू. पन्हळ नुसत्या छापील रेषांनी दाखवायची, की प्रत्येक रेघ मागून दाबून उठवायची? या एका प्रश्नावर मॉडेलकाराची वृत्ती कळते.

साम्यवादी राजवट गेल्यावर १९९०च्या दशकात खासगी प्रकाशकांची लाट आली. जीपीएम, मोडेलिक आणि विशेषतः हालिन्स्की यांचे ‘कार्तोनोवी आर्सेनाव’ यांनी कागद, छपाई आणि रेखाटन या तिन्हींची पातळी उचलली. कॉकपिटमधला एकेक स्विच, चाकांच्या खाचेतल्या नळ्या, इंजिनाचे अवयव, आणि पृष्ठभागावर तेलाचे ओघळ व उडालेल्या रंगाचे डाग थेट छापलेले. या ‘मळवलेल्या’ छपाईने मॉडेल पूर्ण झाल्यावर छायाचित्रासारखे दिसते. शेजारच्या चेक परंपरेचा स्वभाव निराळा. तिथे ‘आबेत्से’ हे मुलांचे विज्ञान-तंत्रज्ञानाचे पाक्षिक, तेही १९५७पासूनचे, कापायचे तक्ते देत आले. वास्तुविशारद रिखार्ट विश्कोव्स्की यांचे किल्ले आणि गावे त्यातून घरोघर गेली. चेक रेखाटन स्वच्छ, रेषा नेमकी, भाग कमी आणि प्रत्येक भागाचा उलगडा चतुर. जर्मनांचा जीव जहाजांत जास्त. विल्हेल्म्सहाफेनच्या तक्त्यांनी १:२५० हे प्रमाण रुजवले. विमानापुरते बोलायचे तर खरा संवाद पोलिश भरगच्चपणा आणि चेक संयम यांच्यात आहे.

सांधा हा या क्षेत्रातला जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे, आणि नवशिक्याने तो समजून घेतला पाहिजे, कारण त्यावर पुढचे सगळे ठरते. विमानाचे धड नळ्यांच्या तुकड्यांत विभागलेले असते. हे तुकडे एकमेकांना जोडायचे कसे? एका पद्धतीत प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही तोंडांना पुठ्ठ्याची फ्रेम बसवतात आणि फ्रेमला फ्रेम चिकटवतात. धड भक्कम होते, पण फ्रेम केसभर मोठी झाली तरी सांध्यावर कडे उठते आणि विमान बांबूसारखे दिसू लागते. दुसऱ्या पद्धतीत फ्रेम एकच, आणि तुकड्याच्या आतून कागदी पट्टी अर्धी बाहेर ठेवून पुढचा तुकडा तिच्यावर सरकवतात. सांधा जवळजवळ दिसत नाही, पण नळीचा गोल टिकवणे हाताच्या कसबावर येते. जाडीचा हिशेब दोन्हीकडे सुटत नाही. १६० ग्रॅमचा कागद साधारण ०.२ मिलिमीटर जाड असतो. एवढ्याशा जाडीने काय होणार, असे वाटते. पण एका नळीवर दुसरी घट्ट बसवायची तर बाहेरच्या नळीचा परीघ सव्वा मिलिमीटरने जास्त लागतो, कारण जाडीला दोन पायने गुणावे लागते. १:३३ प्रमाणात सव्वा मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर चार सेंटिमीटरहून अधिक. ज्याच्या फ्रेम नेहमी मोठ्या होतात, त्याने आपल्या हाताला दोष देण्याआधी हा गुणाकार करून पाहावा.

दुसरा वाद पांढऱ्या कडांचा. कागद कापला की आतला पांढरेपणा उघडा पडतो आणि सुंदर छपाईवरही सांध्यांची जाळी दिसते. जलरंगाने प्रत्येक कड रंगवून घ्यायची, हे सर्वमान्य. त्यापुढे काही जण पुटी भरून, घासून, पूर्ण मॉडेल रंगवतात. ते फार देखणे होते, यात शंका नाही. तरीही माझा कौल छपाई जपणाऱ्यांकडे आहे. रंगाखाली कागद दिसेनासा झाला की साहित्याने घातलेली अट पाळल्याचा पुरावाच उरत नाही, आणि मला तो पुरावा पाहायला आवडतो.

संगणकाने या क्षेत्राचे दार रुंद केले. त्रिमितीय आकृती करून ती आपोआप उलगडून देणारे जपानी ‘पेपाकुरा डिझायनर’ आले, घरोघर रंगीत प्रिंटर आले आणि प्रकाशकाशिवाय आरेखन जगभर पोहोचू लागले. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने आपल्या अवकाशयानांचे तक्ते खुले केले. पण सॉफ्टवेअर उलगडते, समजून उलगडत नाही. ते विमानाचे शेकडो त्रिकोण करून देईल आणि त्यातून हिऱ्यासारखे पैलूदार काहीतरी निघेल. कुठली गोलाई एका वळणात बसते, शिवण पोटाखाली कशी लपवावी, पॅनेलची खरी रेघ आणि कागदाचा सांधा एकाच ठिकाणी कसे आणावेत, हे अजून माणूसच ठरवतो. चांगल्या आरेखनकाराच्या तक्त्यावर सांधा तिथेच असतो जिथे खऱ्या विमानाच्या पत्र्याचा होता.

मराठी मुलखात कागदी कामाची परंपरा क्षीण नाही. आकाशकंदील घरी करणारी मुले काडी, जिलेटीन आणि खळीची ओळख ठेवून असतात. २०१८मध्ये राज्यात थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हा पुठ्ठ्याची घडीची मखरे बाजारात दिसू लागली. अनिल अवचटांनी ओरिगामीची गोडी मराठी वाचकांना लावली आणि पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊतून विज्ञान शिकवले. पण ओरिगामीत कात्री आणि गोंद वर्ज्य, एकच चौकोन आणि घड्या. तिचे गणित वेगळे, सौंदर्यही वेगळे. प्रमाणबद्ध, तपशीलवार, कापून-जोडायच्या मॉडेलवर मराठीत मार्गदर्शन मिळणे अवघड. पोलिश सूचना समजत नाहीत, इंग्रजी सूचना त्रोटक असतात, आणि भारतीय हवाई दलाच्या रंगातला, इथे बांधल्या गेलेल्या विमानाचा तक्ता हवा तसा मिळत नाही. ही उणीव भरण्याचा हा प्रयत्न.

त्यासाठी मिग-२१ निवडले आणि त्यातही एफएल, म्हणजे हवाई दलाच्या भाषेत टाइप ७७. पहिले कारण घराजवळचे: ही जात ओझरला घडली. दुसरे इतिहासाचे: १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर रॉकेटे डागणारी विमाने हीच. तिसरे कारण शुद्ध भूमितीचे. मिग-२१ कागदासाठीच आखले असावे असे वाटते. धड म्हणजे जवळजवळ सरळ नळी, तोंडाशी हवा घेणारे गोल द्वार आणि त्यात रडार पोटात घेतलेला शंकू. पंख म्हणजे सरळ कडांचे पातळ त्रिकोण, पुढची कड ५७ अंशांत मागे झुकलेली. पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १:३३ प्रमाणात सुमारे २१.७ सेंटिमीटर, पुस्तकांच्या कपाटात सहज मावेल एवढा. अवघड जागा मोजक्या आहेत, पण त्या खरोखर अवघड आहेत. हवेच्या द्वाराची गोलसर ओठासारखी कड दुहेरी वक्रतेची आहे. कॅनोपीमागून पाठीचा कणा निघतो तिथे तीन वेगळे आकार एका ठिकाणी भेटतात. एफएलची कॅनोपी पुढच्या काचेसकट एकसंध असून पुढच्या बाजूला बिजागरी घेऊन उघडते. नंतरच्या जातींत ती उजवीकडे उघडू लागली. मॉडेल उघड्या कॅनोपीचे करणाऱ्याने ही खूण चुकवली, तर जाणकाराला ते लगेच खुपते.

रंगाचा प्रश्न त्याहून नाजूक. आपली एफएल विमाने मूळची उघड्या धातूच्या चकाकीची होती; १९७१च्या सुमारास अनेकांवर घाईने छद्मरंग चढवले गेले. धातूची चकाकी कागदावर छापता येत नाही. पोलिश प्रकाशक त्यासाठी खास चंदेरी शाई वापरतात, घरच्या प्रिंटरला ती सोय नाही, आणि राखाडी छटांनी केलेला धातू कायम ढगाळ दिसतो. म्हणून या पुस्तकातले तक्ते छद्मरंगातले आहेत. चकाकी हवी असणाऱ्यांसाठी निव्वळ रेषांचा संचही दिला आहे, त्यावर चंदेरी रंगाचा फवारा मारता येईल.

आताच हे पुस्तक का, याचे उत्तर तारखेत आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ने हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३मध्ये पहिली तुकडी उभी राहिली तीही चंडीगडलाच. बासष्ट वर्षे. अकरा हजारांहून अधिक संख्येने जगात बनलेले हे विमान इथल्या आकाशातून गेले आणि आता ते तळांच्या फाटकांवर आणि संग्रहालयांत, चौथऱ्यावर दिसेल. चौथऱ्यावरच्या विमानाच्या पोटात डोकावता येत नाही. ओझरला ज्यांनी हे सांगाडे बांधले, त्यांची पिढी निवृत्त झाली. त्यांच्या हातातले ज्ञान मराठीत फारसे लिहून ठेवलेले नाही. कागदी तक्ता त्याची जागा घेऊ शकत नाही, पण त्या ज्ञानाचा पहिला धडा, सपाटातून गोल कसे होते, तो तरी पुढच्या हातांत देऊ शकतो. पत्राकाम शिकणाऱ्या आयटीआयच्या विद्यार्थ्याला आणि संगणकावर आरेखन करणाऱ्या अभियंत्याला हा धडा आजही लागतो. विद्यार्थी पहिल्या वर्षी शंकूछेदाचा उलगडा काढतो तेव्हा तो कशासाठी, हे त्याला कोणी सांगत नाही. इथे त्याच उलगड्यातून मिगचे शेपटाकडचे नळकांडे तयार होते.

लढाऊ विमानाचे मॉडेल करताना ते शस्त्र आहे हे विसरू नये, असे मला वाटते. मिग-२१ने शत्रूची हानी केली आणि अपघातांत आपले कित्येक तरुण वैमानिक नेले. जमिनीवरची माणसेही गेली. म्हणून या पुस्तकात प्रत्येक प्रणालीबरोबर तिची मर्यादाही सांगितली आहे: वैमानिकाला मागचे किती कमी दिसे, त्रिकोणी पंखामुळे उतरण्याचा वेग किती जास्त ठेवावा लागे, हवाई दलात प्रगत प्रशिक्षण विमानाची वाट पाहत किती वर्षे गेली. कॉकपिटच्या निळसर हिरव्या भिंती चिकटवताना तिथे बसणाऱ्याचा विचार मनात यावा, एवढीच अपेक्षा.

पुस्तकाचा क्रम नेहमीच्या तक्त्यांसारखा नाही. पोलिश अंक बहुधा कॉकपिटपासून सुरू होतात, कारण ते धडात आधी बसवावे लागते. इथे सुरुवात एका वेगळ्या, साध्या नळीपासून आणि शंकूपासून केली आहे. हात बसला की धडाचे मागचे तुकडे, मग मधले, आणि नाक सर्वांत शेवटी. कॉकपिट त्याआधी तयार करून बाजूला ठेवायचे. प्रत्येक टप्प्यावर खऱ्या विमानातली त्या भागाची रचना आणि कागदी रचना शेजारी शेजारी दाखवली आहे, म्हणजे कुठे आपण प्रामाणिक आहोत आणि कुठे कागदाने तडजोड करायला लावली, हे वाचकाला दिसेल. तपशिलाच्या तीन पातळ्या आहेत. शाळकरी मुलाने पहिली करावी. चाके आत घेतलेली, कॅनोपी बंद. जिद्दीने चाकांच्या खाचा उघडणाऱ्यांसाठी तिसरी.

साधने थोडी लागतात. धारदार कटर आणि त्याची जादा पाती, पोलादी पट्टी, रेघ दाबायला शाई संपलेले बॉलपेन, नळी वळवायला वेगवेगळ्या जाडीच्या गोल काड्या आणि खाली रबराची मऊ चटई. फेविकॉल चालतो, पण अगदी पातळ थर द्यावा. पाण्याने कागद फुगतो आणि नळीवर लाटा येतात. लांब सांध्यांना पाणी नसलेला गोंद बरा. कागद १६० ते २०० ग्रॅमचा, गुळगुळीत पण चकचकीत नसलेला. घेताना त्याचा ग्रेन पाहावा: एक कोपरा दोन्ही दिशांना हलकेच वाकवला की तो एका दिशेला सहज वळतो, दुसऱ्या दिशेला अडतो. नळीचा आस ग्रेनच्या दिशेने ठेवला तर कागद सुरळीत गुंडाळतो, आडवा ठेवला तर मोडतो. तक्ते त्याप्रमाणेच मांडले आहेत, पण दुकानदाराने मोठा कागद कुठल्या बाजूने कापून ए-४ केला, ते तक्त्याला ठाऊक नसते. म्हणून छापण्यापूर्वी ही चाचणी करावी. छापल्यावर पहिल्या पानावरची १० सेंटिमीटरची पट्टी मोजून पाहावी, प्रिंटरने पान लहान केले असेल तर तिथेच कळेल. आणि धडाच्या पानांची एक प्रत जास्त छापून ठेवावी: तिच्यातून तुकडे कापून नुसते वळवून, न चिकटवता एकमेकांवर बसवून पाहता येतात आणि कुठली फ्रेम घासून लहान करायची ते गोंद लावण्याआधीच समजते.